पेटीतले डझन आणि हर्षद संख्या

पाणंद (धागाकर्ता)

नमस्कार. मी गुहागर तालुक्यात राहतो. माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो आणि आता घरची हापूसची कलमे पाहतो. गेल्या हंगामात पडवीत पेट्या भरण्याचे काम चालू असताना जे दिसले, ते इथल्या जाणकारांपुढे ठेवावे म्हणून हा धागा काढत आहे.

ज्या संख्येला तिच्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला हर्षद संख्या म्हणतात. १८ ची अंकबेरीज ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो, म्हणून १८ हर्षद. १९ ची अंकबेरीज १० आणि १९ ला १० ने भाग जात नाही, म्हणून १९ हर्षद नाही. 'हर्ष देणारी ती हर्षद' हे नाव गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. सातवीत शिकणाऱ्या माझ्या नातवाला मी ही व्याख्या आदल्या रात्री सांगितली होती. दुसऱ्या दिवशी पेंढा पसरून पेट्या भरताना प्रत्येक पेटीच्या चिठ्ठीवर फळांची संख्या लिहिण्याचे काम त्याच्याकडे होते. फळ मोठे असेल तर पेटी चार डझनांची होते, मध्यम असेल तर पाच किंवा सहा डझनांची. तासाभराने तो चिठ्ठ्या घेऊन आला आणि म्हणाला, "आजोबा, आपल्या सगळ्या पेट्या हर्षद आहेत."

४८ ला १२ ने भाग जातो, ६० ला ६ ने, ७२ ला ९ ने. मला वाटले योगायोग असेल, म्हणून संध्याकाळी ओटीवर बसून एक डझनापासून पंचवीस डझनांपर्यंतच्या संख्या पाटीवर लिहिल्या. पंचविसांपैकी बावीस हर्षद निघाल्या. न बसणाऱ्या तीनच: ८ डझन म्हणजे ९६, १४ डझन म्हणजे १६८ आणि २३ डझन म्हणजे २७६. एरवी १ ते १०० मध्ये हर्षद संख्या केवळ ३३ आहेत, म्हणजे साधारण तिनांत एक. मग डझनांच्याच वाट्याला एवढ्या का याव्यात? आणि एकेका संख्येला भाग देत बसण्याऐवजी पुष्कळ हर्षद संख्या एका नजरेत दिसतील अशी काही रीत आहे का?

शिडाची होडी

पाणंदसर, विषय फार आवडला. माझ्या वडिलांचे मालवणात किराणा दुकान होते आणि ते कीर्दीतल्या प्रत्येक पानाच्या बेरजेला नवाचा ताळा लावून पाहत असत, त्याची आठवण झाली. त्यावरून मला असे वाटते की नऊच्या पाढ्यातली प्रत्येक संख्या हर्षद असली पाहिजे, कारण तिच्या अंकांची बेरीज शेवटी नऊच येते. हे बरोबर आहे का? तसे असेल तर तुमच्या डझनांपैकी ३६, ७२, १०८, १४४ यांचा उलगडा लगेच होतो.

उंडी

शिडाची होडी, तुमच्या विधानात 'शेवटी' हा शब्द अडचणीचा आहे. नवाच्या ताळ्यात आपण एकच अंक उरेपर्यंत बेरीज करत जातो. हर्षद संख्येसाठी बेरीज एकदाच करायची आणि जी येईल तिनेच भागायचे. ९९ घेऊन पाहा. अंकांची बेरीज १८ आणि ९९ ला १८ ने भाग जात नाही, तेव्हा नऊच्या पाढ्यातील ९९ ही हर्षद नसलेली पहिली संख्या ठरते. उलट बाजूने ७५ पाहा. तिची बेरीज १२ आणि पुन्हा बेरीज केली तर ३. तीनने भाग जातो, बाराने जात नाही, म्हणून ७५ हर्षद नाही. मी रत्नागिरीत सातवी-आठवीच्या मुलांच्या शिकवण्या घेते आणि मुले नेमकी इथेच चुकतात, म्हणून जरा विस्ताराने लिहिले.

आता सरांच्या डझनांविषयी. बाराच्या पटीतल्या संख्येला तीनने भाग जातो, म्हणून तिची अंकबेरीजही तीनच्या पटीत असते. तीनशेपर्यंतच्या संख्यांत ही बेरीज ३, ६, ९, १२, १५ किंवा १८ यांपैकीच काहीतरी येणार. ३, ६ आणि १२ हे तर बाराचेच विभाजक आहेत, तेव्हा तिथे शंकाच नाही. बेरीज ९ आली तर नवाच्या कसोटीने संख्येला नऊने भाग जातो. १८ आली तरी नऊने जातो, आणि संख्या सम असल्यामुळे अठरानेही जातो. राहिली एकटी १५. पंधराने भाग जायचा तर पाचने जायला हवा, म्हणजे सम संख्येच्या शेवटी शून्य हवे. तीनशेच्या आत शेवटी शून्य आणि बाकी दोन अंकांची बेरीज पंधरा अशी संख्या होऊच शकत नाही, कारण शतकाच्या जागी दोनपेक्षा मोठा अंक येत नाही. म्हणून १५ बेरजेच्या तिन्ही संख्या गळाल्या आणि त्याच तुमच्या ९६, १६८ आणि २७६. पुढे ९६० ला पोहोचलात की बेरीज पंधराच असून ती हर्षद आहे, कारण तिथे शून्य शेवटी आले.

चिकूवाडी

मी डहाणूचा. कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी आमच्या डहाणूत झाला, हे मला कॉलेजात जाईपर्यंत कोणी सांगितले नव्हते, याची आजही खंत वाटते. त्यांचे शालेय शिक्षण ठाण्याला आणि पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. तिथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. ते रँग्लर परांजपे, म्हणजे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर (गणिताच्या परीक्षेत सर्वांत पहिला) झालेले पहिले भारतीय, तेही कोकणातलेच, दापोली तालुक्यात आंजर्ल्याजवळच्या मुर्डीचे. डहाणूच्या मुलाला मुर्डीच्या माणसाच्या नावाचे बक्षीस मिळाले, ही गोष्ट कोकणातल्या प्रत्येक शाळेत सांगितली जावी असे मला मनापासून वाटते.

कापरेकरांनी १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे देवळालीला शाळेत शिकवले. पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती, आणि त्यांच्या अंकगणिताकडे त्या काळी पुष्कळांनी मनोरंजन म्हणूनच पाहिले. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा ते नाव जगभर पोहोचले. इंग्रजी लिखाणात हर्षद संख्यांना निवेन संख्या असेही म्हणतात. आयव्हन निवेन या गणितज्ञांनी १९७७ साली एका परिषदेतील व्याख्यानात त्यांचा उल्लेख केला, त्यावरून ते नाव पडले. नाव कोणतेही वापरा, पण आपण मराठीत लिहिताना हर्षदच म्हणावे.

जाता जाता एक नमुना देतो. कापरेकरांचे नाव ज्या संख्येला कायमचे जोडले गेले ती ६१७४. तिची अंकबेरीज १८, आणि ६१७४ = १८ × ३४३, म्हणजे अठरा गुणिले साताचा घन. ती स्वतःच हर्षद आहे.

खाडीकाठ

रामानुजनांची १७२९ सुद्धा. बेरीज १९, आणि १९ × ९१ = १७२९. १९ उलटे लिहिले की ९१ होतात. अंकबेरजेला तिच्याच उलट्या संख्येने गुणले की मूळ संख्या परत मिळते, अशा संख्या फक्त चार आहेत: १, ८१, १४५८ आणि १७२९.

दीपस्तंभ

पाणंदसरांचा दुसरा प्रश्न अजून तसाच राहिला आहे, त्याविषयी लिहितो. माझ्या मते या सगळ्याची किल्ली भागाकारात नसून वजाबाकीत आहे. कोणत्याही संख्येतून तिची अंकबेरीज वजा करा. ४८ मधून १२ गेले, ३६ उरले. आता ४७ घ्या. ४७ मधून ११ गेले तरी ३६. ४० मधून ४ गेले तरी ३६. चाळीस ते एकोणपन्नासपर्यंत कुठलीही संख्या घेतली तरी ३६ च उरणार, कारण एककाचा अंक एकाने वाढला की संख्या आणि बेरीज दोन्ही एकेकानेच वाढतात. ही उरलेली संख्या नेहमी नऊच्या पटीत असते, आणि शिडाची होडी यांचे वडील ज्या ताळ्यावर विसंबत, त्याच्या मुळाशी हेच आहे.

आता संख्येला बेरजेने भाग जातो की नाही, हे ठरवायला या बाकीला बेरजेने भाग जातो की नाही एवढेच पाहणे पुरते. चाळीसच्या दशकात अंकबेरजा ४ पासून १३ पर्यंत येतात. त्यांतले छत्तीसचे विभाजक ४, ६, ९ आणि १२. म्हणून त्या दशकातल्या हर्षद संख्या ४०, ४२, ४५ आणि ४८, बाकी कोणी नाही. पन्नासच्या दशकात बाकी ४५, बेरजा ५ ते १४, त्यांतले विभाजक ५ आणि ९, म्हणून ५० आणि ५४. नव्वदच्या दशकात बाकी ८१, बेरजा ९ ते १८, विभाजक फक्त ९, म्हणून एकटी ९०. एका दशकासाठी एकच वजाबाकी केली की दहाही संख्यांचा निकाल लागतो. सरांनी नातवाला हे कागदावर करायला द्यावे, शंभरपर्यंतचा तक्ता त्याला दहा मिनिटांत पुरा करता येईल.

याच रीतीने लागोपाठ येणाऱ्या हर्षद संख्याही शोधता येतात. ५१०, ५११, ५१२, ५१३ या चारही हर्षद आहेत, आणि तसे का, हेही आता दिसते. ५१० मधून ६ गेले की ५०४ उरतात, आणि ५०४ हा नेमका ६, ७, ८ आणि ९ यांचा लसावि आहे. आपण शाळेत लसावि अपूर्णांकांच्या बेरजेपुरता शिकतो. इथे तो स्वतःहून पुढे येतो, हे मला फार सुंदर वाटते. त्याची दुप्पट १००८, म्हणून १०१४ पासूनच्या चार संख्याही तशाच. लागोपाठ पाच हव्या असतील तर १३१०५२ ते १३१०५६ पाहा. बाकी १३१०४०, अंकबेरजा १२ ते १६, आणि १२ ते १६ यांचा लसावि २१८४० आहे, त्याची सहापट १३१०४०.

उंडी

दीपस्तंभ, मी आत्ता वहीत दोनशेपर्यंत करून पाहिले. ११०, १११, ११२ या तीन का आल्या आणि ११३ का तुटली, हे बाकी १०८ वरून लगेच कळले, कारण १०८ ला २, ३ आणि ४ ने भाग जातो, ५ ने जात नाही. पण मग ही साखळी किती लांब होऊ शकते? दहा, वीस, शंभर?

दीपस्तंभ

वीस. एकवीस कधीच नाही. कर्टिस कूपर आणि रॉबर्ट केनेडी या अमेरिकी गणितज्ञांनी १९९३ साली ते सिद्ध केले. (हेच कूपर पुढे अवाढव्य मर्सेन मूळ संख्या, म्हणजे दोनाच्या घातातून एक वजा केल्यावर मिळणाऱ्या मूळ संख्या, शोधण्यासाठी प्रसिद्ध झाले.) एकवीस का नाही, हे शालेय गणितात बसते. मी माझ्या रीतीने मांडतो, चूक आढळल्यास अवश्य सांगावे.

एककाचा अंक सोडून उरलेल्या अंकांची बेरीज घ्या, तिला मागची बेरीज म्हणू. ती विषम असेल तर त्या दशकातल्या प्रत्येक विषम संख्येची एकूण बेरीज सम होते, आणि सम संख्येने विषम संख्येला भाग जात नाही. म्हणून अशा दशकात विषम हर्षद संख्या एकही नसते आणि साखळी तिथे टिकत नाही. लांब साखळीसाठी मागची बेरीज सम हवी. पण पुढच्या दशकात दशकाचा अंक एकाने वाढतो आणि समाचे विषम होते. अपवाद फक्त शेकडा ओलांडताना संभवतो, कारण तिथे नऊचे शून्य होऊन हातचा पुढे जातो. १९० च्या दशकात मागची बेरीज १०, २०० च्या दशकात २, दोन्ही सम. म्हणजे जास्तीत जास्त दोन दशके एकमेकांना जोडली जातात, आणि तीही शेकड्याच्या दोन बाजूंना. त्यांच्या आधीची संख्या, इथे १८९, विषम असून विषम दशकातली, म्हणून बाद. पुढे २१० कदाचित चालेल, २११ चालणार नाही. तेव्हा एकवीसची साखळी व्हायचीच तर ती शेकड्याच्या दहा आधी सुरू होऊन शेकड्यानंतर दहावर संपली पाहिजे.

समजा त्या शेकड्याची अंकबेरीज 'ब' आहे. शेकडा अधिक १ आणि शेकडा अधिक १० या दोन्हींची बेरीज 'ब अधिक १' होते. दोन्हींना तिने भाग जात असेल तर त्यांच्यातल्या फरकालाही, म्हणजे ९ ला, तिने भाग गेला पाहिजे. नऊचे विभाजक १, ३ आणि ९. 'ब' शून्य नाही, म्हणून तो २ किंवा ८. 'ब' २ असेल तर शेकडा अधिक ३ ची बेरीज ५ होते, पण शेवटी ३ असलेल्या संख्येला पाचने भाग जात नाही. 'ब' ८ असेल तर शेकडा अधिक २ ची बेरीज १० होते, आणि शेवटी २ असलेल्या संख्येला दहाने भाग जात नाही. दोन्ही वाटा बंद झाल्या, म्हणून एकवीस अशक्य.

वीसच्या साखळ्या मात्र अनंत आहेत, हेही त्याच दोघांनी दाखवले. फक्त त्यांतली सर्वांत लहान साखळीसुद्धा १ वर ४४ अब्ज ३६ कोटी ३३ लाख ४२ हजार ७८६ शून्ये दिल्यावर होणाऱ्या संख्येच्या पलीकडे आहे.

खाडीकाठ

मी दोनदा वाचले, चूक सापडली नाही. 'शेकडा अधिक १' आणि 'शेकडा अधिक १०' यांची जोडी घेण्याची कल्पना अप्रतिम आहे.

मी संगणकाच्या कामात असल्यामुळे क्रमगुणितांवर लहानसा प्रोग्रॅम चालवून पाहिला. १ × २ × ३ असे करत गेल्यावर मिळणारे क्रमगुणित पुष्कळ लांबपर्यंत हर्षदच राहते. त्याच्या पोटात इतके विभाजक असतात की अंकबेरीज त्यांत सहज मावते. ते प्रथम मोडते ते ४३२ च्या क्रमगुणिताला. त्याची अंकबेरीज ३८९७, म्हणजे ९ × ४३३. ४३३ ही मूळ संख्या आहे आणि ४३२ पर्यंतच्या गुणाकारात ती येऊच शकत नाही. अवघ्या एका पायरीने हुकले.

शिडाची होडी

उंडीताई, चूक दाखवल्याबद्दल आभार, ९९ आता विसरणार नाही. एक शंका आहे. पुढे पुढे हर्षद संख्या विरळ होत जातात का? आणि मूळ संख्यांशी त्यांचा काही संबंध आहे का?

दीपस्तंभ

दहापुढची एकही मूळ संख्या हर्षद नसते. अंकबेरीज संख्येपेक्षा लहान असते आणि ती १ आली तर संख्या १०, १००, १००० यांसारखीच असणार, जी मूळ नाही. एक आणि स्वतः सोडून दुसरा विभाजकच नसेल तर भाग कोणाचा जाणार?

विरळ होण्याचे म्हणाल तर दोन्ही गट जवळजवळ एकाच चालीने विरळ होतात. शंभरपर्यंत मूळ संख्या २५, हर्षद ३३. हजारपर्यंत १६८ आणि २१३. दहा हजारपर्यंत १२२९ आणि १५३८. म्हणजे गुणोत्तर १.३२, मग १.२७, मग १.२५. द कोनिंक, द्वायाँ आणि काताई यांनी २००३ साली सिद्ध केले की हे गुणोत्तर शेवटी १४/२७ गुणिले १० चा नैसर्गिक लॉगॅरिदम, म्हणजे सुमारे १.१९, या संख्येकडे जाते. ज्या दोन गटांत दहापुढे एकही संख्या सामाईक नाही, ते इतक्या ठरलेल्या प्रमाणात बरोबरीने चालावेत, याचे मला अजून नवल वाटते.

पाणंद (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर देऊ शकलो नाही, कारण आम्ही दोघे दीपस्तंभ यांची सिद्धता पाटीवर उतरवून घेत होतो. नातवाने दशकांचा तक्ता पाचशेच्या पुढे नेला आहे आणि ५१० च्या दशकात चार नव्हे तर सहा हर्षद आहेत, हे त्याला सापडले. ५०४ ला १२ आणि १४ नेही भाग जातो, म्हणून ५१६ आणि ५१८ सुद्धा.

काल रात्री त्याने एक प्रश्न विचारला, तो इथे लिहिल्यावाचून राहवत नाही. "आपण आंबे डझनांत मोजतो, मग संख्या दहांच्या गटात का लिहायच्या? बारांच्या गटात लिहिल्या तर?" आम्ही तसे लिहून पाहिले. बाराच्या पद्धतीत आठ डझन म्हणजे ८ आणि पुढे शून्य, अंकबेरीज ८, आणि ९६ ला ८ ने भाग जातो. चौदा डझन म्हणजे १, २, ०, बेरीज ३, आणि १६८ ला ३ ने भाग जातो. तेवीस डझनांसाठी अकराला एक वेगळे चिन्ह लागते. एक, अकरा आणि शून्य मिळून बेरीज १२, आणि २७६ म्हणजे १२ × २३. आमच्या गळालेल्या तिन्ही पेट्या आत आल्या! अकरा डझनांपर्यंत तर एकही अपवाद उरत नाही, कारण जितके डझन तितकीच अंकबेरीज.

त्याचा आनंद पुढच्या ओळींपर्यंत टिकला. सोळा डझनांना बेरीज ५ आली, आणि १९२ ला पाचने भाग जात नाही. अठरा, एकोणीस, वीस आणि एकवीस डझनही तिथे बसत नाहीत, जे दहाच्या पद्धतीत सगळे बसत होते. संख्या तीच, आंबे तेवढेच, फक्त लिहिण्याची पद्धत बदलली. मग मी त्याला सांगितले की कोणत्याही पद्धतीत लिहिल्या तरी हर्षदच राहतील अशा संख्या चारच आहेत: १, २, ४ आणि ६. आमचा डझन, म्हणजे १२, फक्त आठाच्या पद्धतीत अडतो, कारण तिथे तो १४ असा लिहितात आणि बेरीज ५ येते.

सध्या तो आठाच्या पद्धतीचा तक्ता लिहीत बसला आहे. तिथे लागोपाठच्या साखळीची मर्यादा किती असेल, हे दीपस्तंभ यांना विचारायला त्याने सांगितले आहे. त्याच्या अंदाजाप्रमाणे सोळा.

दीपस्तंभ

त्याचा अंदाज बरोबर आहे. पद्धतीच्या पायाची (आठाच्या पद्धतीत ८ ची, दहाच्या पद्धतीत १० ची) दुप्पट, त्यापुढे एकही नाही. एच. जी. ग्रंडमन यांनी १९९४ साली ते सर्व पद्धतींसाठी सिद्ध केले. पण त्याने सोळा हा आकडा कशावरून धरला, ते त्यालाच इथे लिहू द्या.